धुरकट खोलीपासून इन्फ्रारेड पेटीपर्यंत

सॉनाचे, म्हणजे घाम काढायला बसायच्या गरम खोल्यांचे, प्रकार सांगताना बहुधा तापमानाचा तक्ता मांडला जातो. पण या खोल्या एका घराण्यातल्या नाहीत.

जुनं घराणं फिनलंडचं. तिथल्या ‘सावुसाउना’ला, म्हणजे धुराच्या सॉनाला, धुराडंच नसतं. दगडांच्या ढिगाखाली तासन्‌तास लाकडं जाळायची, धूर आतच कोंडू द्यायचा, आग विझली की तो बाहेर काढायचा आणि मग आत जाऊन बसायचं. भिंती काजळीने काळ्याकुट्ट. टेकलात की पाठ रंगलीच. ही चैनीची जागा नव्हती. अंघोळी इथे व्हायच्या, बाळंतपणंही इथेच. तापल्या दगडांवर पळीभर पाणी ओतलं की चर्र होऊन अंगावर वाफ येते, तिला फिनिश लोक ‘लोय्ल्यू’ म्हणतात. पुढे धुराडं आलं, विसाव्या शतकात विजेची भट्टी आली, सॉना फ्लॅटमध्ये शिरला. पण पळी आणि पाणी सुटलं नाही. रशियन बान्या याचाच चुलतभाऊ, थोडा कमी गरम आणि जास्त दमट. तुर्की हमाम मात्र निराळा: रोमन स्नानगृहांचा वारस, गरम संगमरवर आणि दाट वाफ.

इन्फ्रारेड पेटीचं मूळ या कशातच नाही. १८९० च्या दशकात अमेरिकेत बॅटल क्रीकच्या आरोग्यधामात डॉ. जॉन हार्वी केलॉग रुग्णांना विजेचे दिवे लावलेल्या कपाटात बसवत. (हो, कॉर्नफ्लेक्सवाले केलॉग.) हवा न तापवता किरणांनी थेट अंग तापवायचं, ही कल्पना तिथली. म्हणून पेटीत ४५ ते ६० अंश पुरतात. फिनिश सॉनात ८० ते १०० लागतात.

आता फायद्यांकडे. सगळीकडे उद्धृत होणारा अभ्यास २०१५ चा. पूर्व फिनलंडमधल्या २,३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे वीस वर्षं नजर ठेवली, तेव्हा आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांत हृदयविकाराने अचानक होणारे मृत्यू आठवड्यातून एकदाच जाणाऱ्यांपेक्षा बरेच कमी दिसले. पण तो निरीक्षणाचा अभ्यास होता. मुळात धडधाकट असलेलेच वारंवार जात असतील, ही शंका उरते. शिवाय तो होता फिनिश सॉनाचा. तेच आकडे इन्फ्रारेड पेटीच्या जाहिरातीत दिसले की मला हसू येतं. घामातून ‘विषं’ निघतात हा दावाही तसाच. घाम म्हणजे मुख्यतः पाणी आणि मीठ, बाकीचं काम यकृत-मूत्रपिंडांचं.

इन्फ्रारेडचा स्वतःचा पुरावा जपानमधला आहे, ‘वाओन’ उपचाराचा. त्यात हृदय कमकुवत झालेल्या रुग्णांना ६० अंशांत पंधरा मिनिटं बसवतात आणि बाहेर आल्यावर अर्धा तास पांघरुणात गुंडाळून झोपवतात. ते पांघरूण पेटीसोबत विकलेलं मी तरी पाहिलेलं नाही.