कधीकधी अंगण खरंच वाकडं असतं

नवी मुंबईत नेरूळला टी. एस. चाणक्य या नौवहन शिक्षण संस्थेच्या मागे जी पाणथळ जागा आहे तिथून फ्लेमिंगोचे फोटो काढून आणले आणि मोठ्या हौसेने मित्राला दाखवले, तर पठ्ठ्या पक्ष्यांबद्दल चकार शब्द बोलला नाही, म्हणाला, अरे तुझी खाडी ठाण्याकडे वाहून चाललीये. फोटोत उजवीकडचं पाणी खरंच खाली होतं. मग काय, नाचता येईना अंगण वाकडं ही म्हण मला पुढचे सहा महिने ऐकून घ्यावी लागली, कारण मी म्हणत होतो कॅमेरा वाकडा आहे आणि बाकी सगळे म्हणत होते हात वाकडा आहे.

वैताग असा की एकच फोटो समोर असेल तर या दोन्हीतला फरक कोणाच्या बापाला कळत नाही. क्षितिज १ अंशाने कललं की ६००० पिक्सेल रुंद फोटोत एक टोक दुसऱ्यापेक्षा साधारण १०५ पिक्सेल खाली जातं, ते हाताने गेलं काय आणि कॅमेऱ्याने गेलं काय, दिसणार तेच. फरक कळतो तो ढीगभर फोटो एकापुढे एक बघितल्यावर.

हाताचं कसं असतं, तो मूडप्रमाणे वाकतो. कधी अर्धा अंश, कधी दोन, घाईत जास्त, निवांत असलो की कमी. पण त्यातही एक खोड असते. शटरचं बटण उजव्या टोकाला असतं, ते जोरात दाबलं की कॅमेऱ्याची उजवी बाजू किंचित खाली दबते, आणि कॅमेरा उजवीकडे दबला की फोटोत क्षितिजाचं उजवं टोक वर चढतं. बटण खुपसायची सवय असलेल्या माणसाचे फोटो म्हणून बहुतेक वेळा एकाच बाजूला कलतात आणि त्याला बिचाऱ्याला वाटतं कॅमेऱ्यातच काहीतरी आहे. म्हणजे "नेहमी एकाच बाजूला कलतो" एवढ्यावरून कॅमेऱ्याला फाशी देऊ नका.

कॅमेऱ्याचा दोष मात्र हट्टी असतो. तेवढाच, त्याच बाजूला, दरवेळी. माझा सेकंडहँड डीएसएलआर, त्यात आपण बघतो ते आरशावरून वरच्या फोकसिंग स्क्रीनवर पडलेलं चित्र आणि फोटो उमटतो मागच्या सेन्सरवर, हे दोन वेगळे भाग आहेत आणि ते एकमेकांशी जुळतात ते फक्त जोडणाऱ्याने नीट जोडले म्हणून. कॅमेरा पडला, किंवा कोणी आधी उघडून घाईघाईत परत बसवला, की स्क्रीन नाहीतर सेन्सर केसभर फिरलेला राहतो. तुम्ही व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या खिडकीत, पाण्याची रेघ अगदी ग्रिडच्या आडव्या रेघेला लावून क्लिक करता आणि फोटो तरी तिरका येतो.

बिनआरशाच्या मिररलेस कॅमेऱ्यात ही भानगड नाही, कारण तिथे डोळ्याला दिसतं ते सेन्सरचंच चित्र, सेन्सर बॉडीत थोडा फिरलेला असला तरी ग्रिडला क्षितिज लावलं की फोटो सरळच येणार. तिथे फसवते ती इलेक्ट्रॉनिक लेव्हल, म्हणजे कॅमेरा सरळ आहे का ते सांगणारी आतली पातळी, हिरवी रेघ दाखवते आणि क्षितिज तिरकं. (लेन्सला उगाच शिव्या देऊ नका. लेन्स गोल असते, तिच्यामुळे फोटोची एक बाजू धूसर होईल, कडेची रेघ वाकेल, पण अख्खं चित्र फिरत नाही. मी एका लेन्सवर पैसे घालवून हे शिकलोय.)

माझ्या केसमध्ये सुगावा लागला तो फार विचित्र होता. घाईत, उडणाऱ्या पक्ष्यांचे काढलेले फोटो बऱ्यापैकी सरळ होते, आणि श्वास रोखून, ग्रिड लावून, देवाचं नाव घेऊन काढलेले सगळे वाकडे. उलटं व्हायला पाहिजे ना? दोन दिवस डोकं खाजवलं.

तेव्हा आमच्या सोसायटीत प्लास्टरचं काम चालू होतं, मिस्त्रींकडून ओळंबा, म्हणजे दोरीला टांगलेलं वजन, मागून घेतला. ते म्हणाले, दादा, घर बांधताय का? म्हटलं नाही, कॅमेरा मोजतोय. ओळंब्याइतकी खरी रेघ घरात दुसरी नाही, दाराची चौकट किंवा खिडकी चालत नाही, नव्या बिल्डिंगमधलीसुद्धा. पंखा बंद करून दोरी टांगली, कॅमेरा ट्रायपॉडवर, दोरी फ्रेमच्या बरोब्बर मधोमध (कडेला घेतली आणि कॅमेरा जरा वर-खाली बघत असला तर सरळ दोरीसुद्धा तिरकी येते, उंच टॉवर फोटोत आत झुकतात तोच प्रकार), व्ह्यूफाइंडरमधून ग्रिडची उभी रेघ दोरीला लावली आणि २ सेकंदाचा टायमर. टायमर कशाला, तर हात बाजूला काढायला. सगळी गोम तिथे आहे, हात काढल्यावर जे उरतं ते कॅमेऱ्याचं.

दहा फोटो काढले. दरवेळी ट्रायपॉड हलवून नव्याने जुळवलं. ४००० पिक्सेल उंचीत दोरी ५६ पिक्सेलच्या आसपास सरकलेली, म्हणजे ०.८ अंश, दहाच्या दहा वेळा एकाच बाजूला. मग लाईव्ह व्ह्यू लावून, म्हणजे मागच्या डिस्प्लेवर सेन्सरचंच चित्र बघून, जुळवलं, एकदम सरळ. म्हणजे व्ह्यूफाइंडर आणि सेन्सर यांचं आपसात पटत नव्हतं. कॅमेरा उभा धरून बघितलं तरी तोच आकडा, तीच बाजू. हाताची खोड उभ्या फोटोत बदलते कारण बटण वर किंवा खाली जातं, सेन्सरला त्याचं काही सोयरसुतक नाही.

इलेक्ट्रॉनिक लेव्हलवर संशय असेल तर मोजायची रीत मिस्त्री लोकांचीच आहे. टेबलावर कॅमेरा ठेवा, आकडा बघा, मग त्याच जागी कॅमेऱ्याचं तोंड बरोब्बर उलट फिरवून परत बघा. आकडा तेवढाच पण बाजू उलटी आली तर टेबल उतरतं आहे, दोन्ही वेळा कॅमेऱ्याची तीच बाजू खाली दाखवत असेल तर लेव्हल नाहीतर कॅमेऱ्याचं बूड वाकडं. पॅनासॉनिक आणि ऑलिम्पसच्या काही मॉडेलांत मेनूतूनच लेव्हल परत सेट करता येते, पण आधी टेबल तपासा, नाहीतर टेबलाचा उतार कायमचा कॅमेऱ्यात जाऊन बसेल. आणि चालत्या बसमध्ये त्या हिरव्या रेघेवर विश्वास ठेवू नका, ती गुरुत्वाकर्षण बघून चालते, पाम बीच रोडच्या वळणावर बस वळली की तिला खाली कुठे आहे तेच कळत नाही.

बरं, कधी हातही निर्दोष आणि कॅमेराही, वाकडा असतो तो काठ. ऐरोलीला पंधराव्या मजल्यावरून खाडी बघा, समोरचा काठ एका बाजूला १ किलोमीटरवर आणि दुसऱ्या बाजूला ३ किलोमीटरवर असेल तर जवळचा भाग नजरेच्या रेषेपासून अडीच अंश खाली दिसतो आणि लांबचा जेमतेम १ अंश. काठ तिरका दिसणारच, तो सरळ केलात तर बिल्डिंगा कलतील. आपल्याकडच्या खाडीत समुद्राचं खरं क्षितिज दिसतच नाही, दिसतो तो काठ. अशा वेळी प्रतिबिंब बघावं. ठाण्यात तलावपाळीला रात्री फ्रेमच्या मधला दिवा आणि पाण्यातला त्याचा दिवा यांना जोडणारी रेघ उभीच असायला हवी, काठ कितीही वळू दे. फ्लेमिंगोची चोच आणि तिचं प्रतिबिंब घेतलं तरी चालतं, पाणी शांत असेल तर.

उपायांचं थोडक्यात. कॉम्प्युटरवर फिरवून सरळ होतं पण कोपरे कापले जातात, ३:२ च्या फोटोत १ अंशाला ५ टक्के भाग जातो, २ अंशाला १० टक्क्यांच्या जवळ, आणि लांब मानेचा पक्षी फ्रेमभर असेल तर ते बोचतं. कॅमेऱ्याचा दोष ठरलेला असल्याने मी सगळ्या फोटोंना ०.८ अंश फिरवायचा एकच प्रीसेट, म्हणजे ठरवून ठेवलेली दुरुस्ती, मारायचो. हाताच्या दोषाला असा प्रीसेट चालत नाही, एकेक फोटो बसून सरळ करावा लागतो. स्क्रू ड्रायव्हर घेऊन स्वतः सेन्सरला हात लावू नका, तो फिरवायच्या नादात पुढे-मागे झाला तर फोकसचीच वाट लागते.

शेवटी एका कारागिराकडे दिला, फोकसिंग स्क्रीन नीट बसलेली नव्हती, त्याने काढून परत बसवली. घरी आणून ओळंबा लावला, दोरी सरळ. मित्राला लगेच फोटो पाठवला, म्हटलं बघ, अंगणच वाकडं होतं.

पुढच्या रविवारी परत नेरूळला गेलो. ग्रिड लावून काढलेले फोटो अगदी सरळ आले. घाईतले सगळे वाकडे, आता उजवं टोक वर. माझं बटण खुपसणं आणि कॅमेऱ्याचे ०.८ अंश इतके दिवस एकमेकांना सांभाळून घेत होते, त्यातला एक दुरुस्त झाला. मित्र म्हणाला, आता खाडी उरणला चाललीये.