नेटवर्क आयडी की चेन आयडी: कॉन्फिग फाइलमधल्या घोळाची पार्श्वभूमी

हार्डहॅट या इथेरियम ब्लॉकचेनवरचे प्रोग्रॅम लिहायच्या टूलच्या कॉन्फिगमध्ये नेटवर्क्सचा भाग उघडला की प्रत्येक नावाखाली आरपीसीची (चेनशी बोलायची) लिंक, कुठून तरी उचललेली प्रायव्हेट की आणि चेन आयडी म्हणजे त्या चेनचा ओळख-आकडा, बस एवढंच दिसतं. आता जॉइन झालेल्या पोरांना वाटतं की हे पहिल्यापासून असंच सुटसुटीत असणार. आम्ही २०१८-१९ मध्ये ट्रफल या त्याच कामाच्या जुन्या टूलवर काम करत होतो तेव्हा तिथे चेन आयडी नव्हता, नेटवर्क आयडी लिहायचो, आणि तोसुद्धा बहुतेक वेळा नुसती एक फुली म्हणजे स्टार, जे काय नेटवर्क सापडेल ते चालेल असा अर्थ.

हे दोन आकडे मुळात आले कुठून? २०१५ ला इथेरियम सुरू झालं तेव्हा एकच होता, नेटवर्क आयडी, मेननेटचा म्हणजे मुख्य नेटवर्कचा १. त्याचं काम नोड्सनी, म्हणजे नेटवर्क चालवणाऱ्या कॉम्प्युटरांनी, एकमेकांना ओळखण्यापुरतं, ट्रान्झॅक्शनच्या सहीत तो कुठेच नव्हता. जुलै २०१६ मध्ये डीएओ या सामायिक गुंतवणूक फंडाच्या हॅकनंतर फोर्क झाला, म्हणजे चेनला फाटा फुटून दोन चेन झाल्या, आणि दोन्हीकडे आयडी १ च राहिला. मग व्हायचं काय, की इकडे चेक वटला की तोच चेक कोणीही उचलून तिकडच्या बँकेत नेऊन वटवू शकायचा, कारण सही तीच, पत्ता तोच, आणि चेकवर बँकेचं नावच नाही. यावर नोव्हेंबर २०१६ मध्ये ईआयपी १५५ ही इथेरियमच्या नियमांतली सुधारणा आली आणि चेन आयडी थेट सहीत घातला: सहीतला व्ही हा आकडा आधी २७ किंवा २८ असायचा, तो चेन आयडीची दुप्पट अधिक ३५ किंवा ३६ झाला, म्हणजे मेननेटवर ३७ किंवा ३८. जुन्या चेनने, म्हणजे इथेरियम क्लासिकने, पुढे जानेवारी २०१७ मध्ये चेन आयडी ६१ घेतला पण नेटवर्क आयडी मात्र १ च ठेवला. घोळाचं मूळ इथेच, कारण बाकी बहुतेक ठिकाणी दोन्ही आकडे सारखे असल्यामुळे लोक ते एकच समजून लिहीत राहिले.

यातला वादग्रस्त निर्णय मात्र वेगळाच आहे. ईआयपी १५५ ने जुन्या पद्धतीची सही बाद केली नाही, २७-२८ वालीही चालूच ठेवली. बाजूने बोलणारे म्हणतात जुनी वॉलेट, जुनी टूल्स एका रात्रीत बंद पडली असती, आणि प्रत्येक चेनवर एकाच पत्त्याला कॉन्ट्रॅक्ट (चेनवर चालणारा प्रोग्रॅम) टाकायची जी प्रसिद्ध युक्ती आहे ती याच मोकळ्या सहीवर उभी आहे. खरं आहे, आम्हीही वापरली. पण मला विचाराल तर ही सवलत वेळेत मागे घ्यायला हवी होती. जून २०२२ मध्ये काय झालं बघा: एका मार्केट मेकरने, म्हणजे टोकनांची सतत खरेदी-विक्री करणाऱ्या कंपनीने, ऑप्टिमिझम या इथेरियमवर टेकलेल्या वेगळ्या चेनवर २ कोटी टोकन घेण्यासाठी मेननेटवरच्या मल्टिसिगचा (अनेकांच्या सह्या लागणाऱ्या वॉलेटचा) पत्ता दिला, तिकडे त्या पत्त्यावर काहीच डिप्लॉय केलेलं, म्हणजे चेनवर टाकलेलं, नव्हतं, आणि त्या मल्टिसिगच्या फॅक्टरीचं, म्हणजे तसली मल्टिसिग बनवणाऱ्या कॉन्ट्रॅक्टचं, २०१९ चं डिप्लॉयमेंट ट्रान्झॅक्शन चेन आयडीविना सही केलेलं. कोणीतरी तेच ट्रान्झॅक्शन उचलून ऑप्टिमिझमवर चालवलं, फॅक्टरी त्याच पत्त्यावर उभी केली, मग एकामागे एक मल्टिसिग बनवत तो पत्ता गाठला आणि टोकन ताब्यात घेतले. पत्ता न तपासता देणाऱ्याची चूक आहेच, पण दार उघडं होतं म्हणून झालं ना. गेथने, म्हणजे इथेरियमचा नोड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने, २०२१ मध्ये आरपीसीवरून असली ट्रान्झॅक्शन डिफॉल्टने नाकारायला सुरुवात केली, तीही फ्लॅग लावून परत चालू करता येते.

आता टूल्सकडे. ट्रफल डिप्लॉय केलेले पत्ते कॉन्ट्रॅक्टच्या जेसन फाइलमध्येच लिहायचं, नेटवर्क आयडीच्या खाली. आणि लोकल गनाश, म्हणजे आपल्याच मशीनवरची चाचणीची चेन, कमांड लाइनवरून सुरू केलं की नेटवर्क आयडी काय, तर सुरू केल्याची वेळ, तेरा आकडी. म्हणजे टर्मिनल बंद करून परत उघडलं की नवीन नेटवर्क. आमच्या एका प्रोजेक्टमध्ये कोणीतरी बिल्ड फोल्डर कमिट केलं होतं, त्या फाइलच्या शेवटी पंधराने सुरू होणाऱ्या आकड्यांची रांगच, प्रत्येकाखाली एक मेलेला पत्ता, त्यात मधेच ४ नंबरखाली रिंकबी या टेस्टनेटवरचा (चाचणीच्या सार्वजनिक नेटवर्कवरचा) खरा पत्ता, आणि मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवताना नेमका तोच उडाला. अर्धा दिवस फ्रंटएंडवर एकच एरर, की कॉन्ट्रॅक्ट या नेटवर्कवर डिप्लॉयच नाही.

गनाशच्या खिडकीवाल्या अ‍ॅपची तर आणखी मजा. नेटवर्क आयडी ५७७७, चेन आयडी विचारला तर १३३७, आणि डिसेंबर २०१९ च्या इस्तंबूल अपग्रेडनंतर कॉन्ट्रॅक्टला स्वतःचा चेन आयडी वाचता यायला लागला तर बरेच दिवस कॉन्ट्रॅक्टच्या आत उत्तर यायचं १. वॉलेटने १३३७ धरून सही केली, कॉन्ट्रॅक्टने १ धरून तपासली, की परमिट (सहीने दिलेली टोकन खर्चायची परवानगी) फेल. मग हार्डहॅट आलं ते ३१३३७ घेऊन, मेटामास्क वॉलेट मात्र लोकलहोस्टला १३३७ धरून बसलेलं, म्हणून कित्येक जुन्या रेपोंत (कोडच्या साठ्यांत) हार्डहॅटच्या कॉन्फिगमध्ये मुद्दाम १३३७ लिहिलेलं सापडतं, ते का हे आता कोणालाच आठवत नाही. निदान पत्ते नेटवर्कच्या नावाच्या किंवा चेन आयडीच्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवायची पद्धत तेव्हापासून रुळली. ट्रफल आणि गनाश बंद होणार हे सप्टेंबर २०२३ मध्ये जाहीर झालं, हळहळ वाटली पण थोडीच.

टेस्टनेटांबद्दल फार लिहीत नाही. नावं बहुतेक रेल्वे-मेट्रो स्टेशनांची: मॉर्डन लंडनचं, रॉपस्टेन आणि रिंकबी स्टॉकहोमची, कोवान सिंगापूरचं, सेपोलिया अथेन्सचं, आणि २०२५ चं हूडी थेट बेंगळुरूचं. दादर-कुर्ला अजून राहिलंय. पॉलिगॉन या दुसऱ्या चेनच्या टेस्टनेटचं नाव मात्र मुंबईच होतं, चेन आयडी ८०००१, पण ते गोर्ली या इथेरियमच्या टेस्टनेटवर टेकलेलं, गोर्ली गुंडाळायला घेतल्यावर एप्रिल २०२४ मध्ये मुंबईही बंद, आता ८०००२ म्हणजे अमॉय. त्या महिन्यात आमच्याकडे तीन रेपोंत ती ओळ बदलली, चौथ्यात अजून ८०००१ आहे आणि सीआय (आपोआप चालणारी कोडची तपासणी) तेवढंच लाल दिसतं.