आरसेटीचं फुकट ट्रेनिंग: कोणाला मिळतं, कागदं कुठली लागतात

गटाच्या मीटिंगला दर वेळी कोणीतरी विचारतंच, ताई ते शेळीपालनाचं ट्रेनिंग खरंच फुकट असतं का, म्हणून सगळं एकदा लिहूनच टाकते. हो, फुकटच असतं. आरसेटी म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बहुतेक जिल्ह्यांत लीड बँक, म्हणजे जिल्ह्याची मुख्य बँकच ती चालवते. शिकवणं, राहणं, जेवण सगळं त्यांच्याकडे, त्यामुळे नंबर लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर एक रुपया द्यायचा नाही. कर्नाटकात उजिरेला १९८२ मध्ये अशी पहिली संस्था निघाली, तीच पद्धत पुढे सरकारने जिल्ह्याजिल्ह्यात नेली.

गावात राहणारे, हाताला काम नसलेले, वय १८ पूर्ण झालेले कोणीही जाऊ शकतात, ४५ च्या वर असाल तर आधी फोन करून विचारा. दारिद्र्यरेषेखालच्या घरांना पहिला मान, बचत गटातल्या बाया, त्यांची पोरं आणि रोजगार हमीचं जॉबकार्ड असलेली घरं पण त्यात येतात. शेळ्या, गाईम्हशी, शिवण असल्या कोर्सला शिक्षण कमी म्हणून घाबरू नका.

कागदं म्हणाल तर आधार, रेशन कार्ड, बँक पासबुक, शाळेचा दाखला असेल तर तो, जातीचा दाखला आणि पासपोर्ट फोटो. आता नीट ऐका, खरी गाडी नावातच अडते. आमच्या गटातल्या एका वहिनींच्या आधारवर सासरचं नाव आणि पासबुकावर माहेरचं, तेवढ्यापायी त्यांची एक बॅच गेली, म्हणून फॉर्म भरायच्या आधीच दोन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा.

फॉर्म संस्थेत नेऊन द्या नाहीतर गावातल्या सीआरपी ताईंकडे, म्हणजे उमेद या बचत गटांच्या सरकारी अभियानाचं गावात काम बघणाऱ्या ताईंकडे. मग छोटी मुलाखत होते, २५ ते ३५ जणं जमले की बॅच लागते. शेळीपालन १० दिवस, शिवण साधारण महिनाभर. त्यात नुसत्या शेळ्याच शिकवत नाहीत बरं का, डोळ्याला पट्टी बांधून ठोकळ्यांचा मनोरा रचायला लावतात, बाजारात पाठवून भाव विचारून आणायला सांगतात. घराबाहेर कधी एकटी न गेलेली बाई पाच दुकानांत जाऊन खुराकाचा भाव वहीत लिहून आणते, ते बघून मला दर वेळी भरून येतं.

सर्टिफिकेट मिळालं म्हणजे कर्ज मिळालं असं मात्र नाही, त्याचा अर्ज बँकेत वेगळा करायचा. सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु म्हणजे सगळ्यात लहान कर्जाचा प्रकार, त्यात ५०,००० पर्यंत तारण लागत नाही. वहिनी गेल्या तेव्हा साहेबांनी विचारलं पैसे कशाला, तर त्यांनी वहीच पुढे केली, शेळ्या किती, बोकड एक, शेड, खुराक, विमा, सगळं स्वतःच्या अक्षरात. ट्रेनिंगनंतर दोन वर्षं संस्था पाठपुरावा करते, बँकेने हेलपाटे मारायला लावले तर तिथे सांगा, तो तुमचा हक्क आहे. आणि प्रोजेक्ट रिपोर्ट, म्हणजे धंद्याच्या खर्चाचा-कमाईचा लेखी हिशेब, बॅच चालू असतानाच संस्थेतल्या सरांकडून तपासून घ्या, घरी आल्यावर ते राहूनच जातं.