‘कोक दे.’ ‘कोणता?’

बोलींचा अभ्यास करायला गावोगाव हिंडणाऱ्या माणसाला एक पथ्य पाळावं लागतं. जो शब्द शोधायला आलो, तो आपल्याच तोंडून निसटू द्यायचा नाही. ‘तुम्ही याला सोडा म्हणता ना?’ असं विचारलं की समोरचा भिडेखातर ‘हो’ म्हणून मोकळा होतो. म्हणून आडून विचारायचं: गोड असतं, फसफसतं, दारू नसते, त्याला तुमच्याकडे काय म्हणतात?

विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या फ्रेडरिक कॅसिडी यांची माणसं १९६५ ते १९७० या काळात असे सोळाशेहून जास्त प्रश्न घेऊन अमेरिकेतली १,००२ गावं-शहरं हिंडली. बारा कोसांवर भाषा बदलते हे आपण नुसतं म्हणतो. ही मंडळी ते नकाशावर मांडायला निघाली होती. पुढे २००३च्या सुमारास हार्वर्डच्या सर्वेक्षणातही फसफसत्या पेयाचा हा प्रश्न होता. सुमारे ५३ टक्के लोकांनी ‘सोडा’ सांगितलं, २५ टक्क्यांनी ‘पॉप’, तर १२ टक्क्यांनी ‘कोक’.

मजा टक्क्यांत नाही, नकाशात आहे. ईशान्येला न्यूयॉर्ककडे आणि पार पश्चिमेला कॅलिफोर्नियात सोडा. मधल्या उत्तरेकडच्या पट्ट्यात आणि वायव्येला पॉप. दक्षिणेत कोक. पॉपच्या प्रदेशाला लागून मिलवॉकी आणि सेंट लुइस ही दोन शहरं मात्र सोड्याची बेटं होऊन बसली आहेत. बॉस्टनच्या जुन्या पिढीचा शब्द तर भलताच: ‘टॉनिक’. पेय तेच, बनवणाऱ्या कंपन्याही त्याच.

‘सोडा’ हा शब्द रसायनातून आला. जोसेफ प्रिस्टली यांनी १७६७मध्ये लीड्स इथे घराशेजारच्या दारूभट्टीतल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी फसफसवून पाहिलं. नंतर औषधी झऱ्यांच्या पाण्याची नक्कल करताना त्यात सोडियमचे क्षार घालू लागले, म्हणून ते सोडावॉटर. आपल्या स्वयंपाकघरातला खाण्याचा सोडा याच घराण्यातला. आजच्या गोड पेयाचं फसफसणं त्या क्षारावर अवलंबून नाही, ते दाबाखाली भरलेल्या वायूचं काम. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. ‘पॉप’ आवाजातून आला. इंग्रज कवी रॉबर्ट सौदी यांनी १८१२च्या एका पत्रात सरळ लिहून ठेवलंय की बूच उडताना ‘पॉप’ होतं, म्हणून पेयाचं नाव पॉप.

दक्षिणेचा ‘कोक’ सगळ्यांत गमतीचा. तिथे ‘कोक आणू का?’ या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर पुढचा प्रश्न ‘कोणता?’ आणि त्यावर ‘स्प्राइट’ असं उत्तर आलं तरी कुणी दचकत नाही. कोकाकोला १८८६मध्ये अटलांटात जन्मलं. घरच्या मालाचं नाव अख्ख्या जातीला लागलं. आपण यावर हसण्याचं कारण नाही. वनस्पती तुपाला सरसकट डालडा म्हणणारे आणि ‘झेरॉक्स काढून आण’ म्हणणारे आपणच.

कंपनीला हे लाडाचं नाव सुरुवातीला अजिबात नको होतं. पूर्ण नावानेच मागा, असं ती गिऱ्हाइकांना जाहिरातींतून बजावत होती. भीती साधी होती: टोपणनावाने मागितलं की दुकानदार दुसरंच काहीतरी हातात ठेवणार. तसं झालंही. ‘कोक’ याच उच्चाराचं, पण वेगळ्या स्पेलिंगचं पेय दुसऱ्या एका कंपनीने बाजारात आणलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९२०मध्ये न्यायमूर्ती होम्स यांनी निकाल कोकाकोलाच्या बाजूने दिला. पण त्या काळी दक्षिणेत कोलाला ‘डोप’ असंही म्हणत. त्या शब्दावर मात्र त्यांनी कंपनीची मक्तेदारी मानली नाही. ‘डोप’ दुसऱ्या कशालाही शोभला असता, हे त्यांचं म्हणणं. माझ्या मते हा निकाल भाषाशास्त्राच्या वर्गात शिकवावा: कोणतं नाव एका वस्तूचं आणि कोणतं सगळ्यांचं, याचा निवाडा व्याकरणाने नाही, गिऱ्हाइकाच्या जिभेने केला. कंपनीनेही अखेर १९४१मध्ये जाहिरातींत ‘कोक’ वापरायला सुरुवात केली.

आपल्याकडेही बुचानेच एक नाव दिलंय. हायरम कॉड या इंग्रजाने १८७०च्या दशकात अशी बाटली काढली की आतल्या वायूचा दाबच काचेची गोटी वर रेटून तोंड बंद करतो. ही बाटली आपल्याकडे ‘गोटी सोडा’ झाली, दिल्लीत ‘बंटा’. बंटा म्हणजेही गोटीच.

आणि समजा तो आडून विचारणारा माणूस उद्या एखाद्या मराठी घरी आला, तर? ‘चहा घेणार की थंड?’ यातलं ‘थंड’ त्याने वहीत टिपून घ्यावं, आणि लगेच पाहुण्याचं उत्तरही: ‘थंडच चालेल, पण गार नको हं, घसा बसलाय.’