कुलंट बर्फासाठी नसतंय, लायनरसाठी असतंय

ऊसाचा सीझन जवळ आला की कोल्हापुरातल्या उद्यमनगर, उचगावच्या गॅरेजात ट्रकांची गर्दी होते. ऑइल बदला, ब्रेक बघा, टायर बघा. पण कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमधनं फिरणारं आणि थंडीत न गोठणारं द्रव, म्हटलं की बरेच जण म्हणतात, आपल्याकडं कुठं बर्फ पडतोय, बोअरचं पाणी घाला की! आमच्या मामांनीपण वर्षानुवर्षं तेच केलं. मग एकदा इंजिन उघडलं आणि मिस्त्रींनी लायनर (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती लोखंडी नळी, तिच्या बाहेरनं पाणी फिरतं) काढून हातात दिला, बाहेरच्या अंगाला एकाच पट्ट्यात टाचणीनं टोचल्यागत भोकं, त्यातलं एक आरपार, आणि त्यातून पाणी उतरून ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं.

गंजानं असं एका पट्ट्यात होत नाही. डिझेल पेटलं की पिस्टन लायनरच्या एका बाजूला आदळतो आणि लायनर घंटेसारखा थरथरतो. दोन फेऱ्यांत एकदा डिझेल पेटतं, म्हणजे १८०० आरपीएमला (मिनिटाला १८०० फेऱ्या) एका सिलिंडरमध्ये मिनिटाला ९०० वेळा हे चालतं. थरथरणारी भिंत क्षणभर मागं सरली की तिथल्या पाण्याचा दाब पडतो, वाफेचे बारीक बुडबुडे तयार होतात, लगेच कोसळतात, आणि कोसळताना पाण्याची सुईसारखी धार लोखंडावर बसते. असं लाखो वेळा झालं की लोखंड कुरतडलं जातं. चांगल्या डिझेल कुलंटमध्ये नायट्राइट, मॉलिब्डेटसारखी रसायनं असतात, ती लायनरवर पातळ संरक्षक थर धरतात, थर तुटला की परत धरतात, पण त्यात ती हळूहळू संपतात. रंग हिरवागार दिसला तरी आतला माल संपलेला असू शकतो, म्हणून कुलंट मुदतीत बदलायचं.

उकळण्याचं गणित गुऱ्हाळावर गेलेल्याला लगेच कळेल. काहिलीत रस सुरुवातीला साधारण १०० अंशाला उकळतो, घट्ट होत जाईल तसा उकळबिंदू चढतो, गूळ उतरवायच्या वेळेला ११८ च्या आसपास जातो. पाण्यात काही विरघळलं की ते उशिरा उकळतं. निम्मं ग्लायकॉल (कुलंटमधला मुख्य द्रव), निम्मं पाणी केलं की १०६-१०७ अंश, वर रेडिएटरच्या झाकणाचा दाब धरला की १२५ च्याही पुढं. भरलेली गाडी आंबा घाट चढताना वेग कमी, हवा कमी, तेव्हा हेच अंश कामाला येतात. खरं तर उष्णता वाहून न्यायला नुसतं पाणीच सरस, पण ते लवकर उकळतं, लोखंडाला गंजवतं, आणि बोअरचं असलं तर चहाच्या पातेल्यागत आत क्षाराचा पांढरा थर बसवतं, त्या थरातून उष्णता नीट बाहेर पडत नाही.

फ्लश करायचं, म्हणजे जुनं कुलंट काढून आतनं धुवायचं, तर इंजिन पूर्ण गार पाहिजे, गरम असताना झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, यात कसलीही घाई नको. रेडिएटरचा खालचा कॉक सोडा आणि ब्लॉकचा ड्रेन प्लगपण सोडा, तो बरेच जण विसरतात. मग डिस्टिल्ड पाणी भरून, हीटर असेल तर उघडा ठेवून, थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) उघडेपर्यंत इंजिन चालवा, गार करा, सोडा. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच परत. ब्लॉकच्या बाजूला ज्या गोल टोप्या दिसतात, त्या ओतकामातली कोअरची वाळू काढायच्या भोकांवरच्या. शिरोलीच्या फाउंड्रीत काम केलेल्याला हे सांगायला नको. त्यांच्या कडेनं ओल दिसते का तेवढं बघून घ्या.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते इथं. फ्लशचं थोडं पाणी आत राहतंच, त्यावर तयार मिश्रण ओतलं की ते पातळ होतं. म्हणून गाडीच्या पुस्तकात सिस्टिमची क्षमता बघा, तिच्या निम्मं प्युअर, म्हणजे पाणी न मिसळलेलं, कुलंट आधी घाला, मग वरनं डिस्टिल्ड पाणी. दोन जातींची कुलंटं एकत्र करू नका, काही जाती मिसळल्या की जेली धरते, आणि रंगावरनं जात ओळखता येत नाही.

जुनं कुलंट मात्र गटारात सोडू नका, हात जोडून सांगतो. ते चवीला गोड आणि जबर विषारी आहे, कुत्री चाटतात आणि मरतात. बंद कॅनमध्ये भरून लेबल लावा आणि वापरलेलं कुलंट घेणाऱ्याकडंच द्या.

गाडी एक चक्कर मारून आणली की दुसऱ्या दिवशी सकाळी गार इंजिनवर लेव्हल बघा, आतली हवा निघाल्यानं थोडी खाली आलेली असते, तेवढं त्याच मिश्रणानं भरा, नळाच्या पाण्यानं नको.