मार्केरियन ४२१ कधी पाहायचं?

सप्तर्षीच्या भागात मार्केरियन ४२१ नावाची एक दीर्घिका आहे. अंतर सुमारे ४० कोटी प्रकाशवर्षं, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना ती दिसत नाही. तिच्या केंद्रातल्या महाकाय कृष्णविवरापाशी उगम पावणारा झोत जवळजवळ थेट आपल्याकडे रोखलेला आहे. अशा दीर्घिकांना ब्लेझार म्हणतात. क्ष-किरणांत हिचं तेज काही तासांत दुपटीवर जाऊ शकतं. म्हणूनच तिच्यासाठी दुर्बिणीचा वेळ मागताना किती वेळ पाहायचं यापेक्षा कधी पाहायचं हा प्रश्न जास्त छळतो.

क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, त्यामुळे दुर्बीण अवकाशात हवी. २८ सप्टेंबर २०१५ रोजी झेपावलेली भारताची अ‍ॅस्ट्रोसॅट ही अशीच एक वेधशाळा. पुणे विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेचा तिच्याशी जवळचा संबंध आहे. तिच्यावरच्या सीझेडटीआय या जास्त ऊर्जेचे क्ष-किरण टिपणाऱ्या उपकरणाचं कामकाज आयुकातून पाहिलं जातं आणि वेळ मागणाऱ्या शास्त्रज्ञांना मदत करणारा कक्षही इथेच आहे.

पहिली अडचण सूर्याची. अ‍ॅस्ट्रोसॅटची दुर्बीण सूर्यापासून ४५ अंशांच्या आत वळवता येत नाही, नाहीतर उपकरणांना धोका. मार्केरियन ४२१ च्या जागेवरून हिशेब केला, तर साधारण १८ जुलै ते सप्टेंबरअखेर ती या निषिद्ध टापूत असते. म्हणजे ऐन पावसाळ्यात! ढगांमुळे जुन्नरजवळची आयुकाची गिरवली वेधशाळा बंद असते, त्याच दिवसांत ढगांच्या कितीतरी वर फिरणाऱ्या दुर्बिणीलाही ही दीर्घिका बघता येत नाही. याउलट फेब्रुवारीच्या उत्तरार्धात ती सूर्याच्या समोरच्या बाजूला येते आणि जमिनीवरच्या दुर्बिणींनाही जवळजवळ रात्रभर मिळते. अनेक दुर्बिणींनी मिळून वेध घ्यायचा, तर हिवाळ्याचा शेवट गाठलेला बरा.

दुसरी अडचण पृथ्वीची. सुमारे ६५० किलोमीटर उंचीवरून अ‍ॅस्ट्रोसॅट ९८ मिनिटांत एक फेरी मारते. तिथून पाहिलं तर आकाशाचा तब्बल १३० अंश रुंदीचा पट्टा पृथ्वीनेच व्यापलेला असतो. त्यामुळे दर फेरीत जवळपास अर्धा तास ही दीर्घिका पृथ्वीआड जाते. शिवाय दक्षिण अटलांटिकवर भारित कणांचा मारा वाढतो, तेव्हा काही उपकरणांचा उच्च विद्युतदाब उतरवावा लागतो. साहजिकच तेजाचा आलेख सलग येत नाही. काही बिंदूंचा पुंजका, मग मोकळी जागा, पुन्हा पुंजका, असा तो दिसतो.

या मोकळ्या जागा फसव्या असतात. ताप रोज सकाळी आठलाच मोजला, तर संध्याकाळी चढणारा ताप कागदावर येतच नाही. इथे तर त्याहून वाईट होऊ शकतं. खंड ठरावीक अंतराने पडत असल्याने ९८ मिनिटांच्या आसपासची एक खोटी लय आकडेमोडीत उमटते आणि ती दीर्घिकेचीच आहे असं वाटू लागतं. म्हणून निरीक्षणं किती अंतराने आणि किती दिवस घ्यायची, हे आधीच ठरवावं लागतं. माझ्या मते दुर्बिणीचा वेळ मागणाऱ्या प्रस्तावातला सगळ्यात कसोटीचा भाग हाच.

एवढा खटाटोप कशासाठी? तेज एका तासात ठळकपणे बदललं, तर प्रकाश सोडणारा भाग ढोबळमानाने एका प्रकाशतासापेक्षा, म्हणजे १०८ कोटी किलोमीटरपेक्षा मोठा असू शकत नाही. तेवढ्या अंतरावर सूर्यापासून निघालात तर गुरू मागे पडतो, पण शनी गाठता येत नाही. ब्लेझारचा झोत आपल्याकडे प्रचंड वेगाने येत असल्यामुळे या गणितात दुरुस्ती करावी लागते, तरी तत्त्व तेच. कुठल्याही दुर्बिणीला ठिपक्यापलीकडे न दिसणाऱ्या भागाचं माप घड्याळ देतं!

अचानक भडका उडाला तर आखलेलं वेळापत्रक मोडावं लागतं. त्यासाठी तातडीच्या निरीक्षणांची वेगळी सोय असते. २००४ साली सोडलेली नासाची स्विफ्ट ही अवकाश दुर्बीण तर झटपट वळण्यासाठीच बनवलेली आहे. पण अ‍ॅस्ट्रोसॅट वळवायची म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी निरीक्षण पुढे ढकलायचं. त्यामुळे तेज कोणत्या पातळीवर गेलं की तातडीच्या निरीक्षणासाठी हाक द्यायची, हे अनेकदा प्रस्तावातच लिहून ठेवतात. ती पातळी खाली ठेवली तर किरकोळ चढउतारावर वेळ खर्च होतो, फार वर ठेवली तर वर्षभर हाक द्यायची वेळच येत नाही.