कोठडीतील मृत्यू : पुरावा आणि उत्तरदायित्व

कोठडीतील मृत्यू म्हणजे पोलिसांनी पकडलेल्या व्यक्तीचा अटकेच्या झटापटीत, ठाण्याकडे नेताना किंवा लॉकअपमध्ये झालेला मृत्यू. माणूस पोलिसांच्या ताब्यात आला की तो कोठडीत; कागदावर अटक पडली की नाही, हा प्रश्न नंतरचा. वाद बहुधा इथूनच पेटतो. घरचे म्हणतात, तिन्हीसांजेला उचलून नेला. पोलीस ठाण्याच्या दैनंदिनीत अटकेची वेळ मध्यरात्रीनंतरची असते. मधल्या तासांबद्दल विचारले तर ‘चौकशीला बोलावला होता’ हे उत्तर तयारच असते.

एरवीच्या खुनात संशयित एकीकडे आणि पुरावा दुसरीकडे असतो. इथे घटनास्थळ, साक्षीदार, नोंदवही आणि पहिला पंचनामा हे सगळे सुरुवातीला संशयिताच्याच खात्याच्या हाती असते.

सांगलीने हे २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये फार जवळून पाहिले. लूटमारीच्या गुन्ह्यात सांगली शहर पोलीस ठाण्याने पकडलेले दोन तरुण पळून गेल्याचे पोलिसांनी सांगितले. नातेवाइकांना ते पटले नाही, त्यांनी ठाण्यासमोरून हलायचे नाकारले. त्यांतल्या एकाचा मारहाणीत मृत्यू झाला आणि मृतदेह शंभराहून अधिक किलोमीटरवर आंबोलीत नेऊन जाळला, असा आरोप पुढे ठेवण्यात आला. उपनिरीक्षकासह काही पोलिसांना अटक झाली, तपास सीआयडीकडे गेला आणि उज्ज्वल निकम यांना विशेष सरकारी वकील नेमण्यात आले. यातली ठसठशीत बाब म्हणजे दुसरा तरुण जिवंत होता. कोठडीच्या भिंतीआड पोलिसांखेरीज कोणी साक्षीदार असणे हेच मुळात दुर्मीळ.

साक्षीदार नसेल तेव्हा बोलायचे ते देहाने. काठीचा वळ दोन समांतर लाल रेषांचा उठतो, मधली पट्टी फिकी राहते. जिन्यावरून पडलेल्या माणसाच्या अंगावर खरचटते, असा वळ उमटत नाही. तळपायांवर मारले तर जाड कातडीवर फारसे दिसतही नाही, पण चीर दिली की खाली साकळलेले रक्त सापडते. म्हणून शवविच्छेदनात तळवे, पोटऱ्या, पाठ, नितंब चिरून पाहिले का, हा उलटतपासणीतला पहिला प्रश्न असायला हवा. अहवालात कधीकधी ‘हृदयक्रिया बंद पडून मृत्यू’ असे लिहिलेले असते. हृदयक्रिया तर प्रत्येकच मृताची बंद पडते. ती का पडली, ते लिहायचे असते. ‘व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला’ या शेऱ्यानंतर प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत प्रकरण थंडावते, हाही नेहमीचा अनुभव.

प्रत्येक मृत्यू मारहाणीचाच असतो असे नाही. जुना हृदयविकार, अचानक दारू तुटल्याने येणारे झटके, आत्महत्या ही कारणेही आढळतात. अटकेच्या वेळी नीट वैद्यकीय तपासणी झालेली असेल तर सरळ वागलेल्या पोलिसालाही तिचाच आधार मिळतो. अटकेला विरोध करणाऱ्यावर गरजेपुरते बळ वापरता येते. मात्र ज्याच्यावरील गुन्ह्याला फाशी वा जन्मठेप नाही, त्याचा जीव घेण्याचा अधिकार कायद्याने दिलेला नाही.

अशा मृत्यूची न्यायदंडाधिकाऱ्याकडून चौकशी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या २००५ च्या दुरुस्तीने बंधनकारक झाली. ती तरतूद आता त्या संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९६ मध्ये आहे. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाला २४ तासांत कळवावे लागते. ही चौकशी म्हणजे खटला नव्हे, हे घरच्यांना सहसा कोणी समजावून सांगत नाही.

खटल्यात अडते ते सिद्धतेवर. १९९५ साली मध्य प्रदेशातील श्यामसुंदर त्रिवेदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की पोलीस आपल्या सहकाऱ्याविरुद्ध क्वचितच तोंड उघडतात, त्यामुळे प्रत्यक्षदर्शी पुराव्याचा अवास्तव हट्ट धरू नये. त्याच्या दहा वर्षे आधीच विधी आयोगाच्या ११३ व्या अहवालाने सुचवले होते की कोठडीत इजा झाली तर ती पोलिसांनीच केली असे न्यायालयाला गृहीत धरता यावे. ती शिफारस कायद्यात उतरली नाही. नागपुरातील १९९३ च्या एका कोठडी मृत्यूत पोलिसांना शिक्षा झाली ती खुनाची नव्हे, कबुलीसाठी दुखापत केल्याची. तिची तीन वर्षे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सात केली. माणूस मेला होता, सिद्ध झाली ती मारहाण.

सर्वोच्च न्यायालयाच्या डी. के. बसू निकालाने १९९६ मध्ये अटकेचा मेमो सक्तीचा केला. त्यावर तारीख, वेळ आणि घरच्या व्यक्तीची किंवा परिसरातील प्रतिष्ठित माणसाची सही लागते. वरचा तिन्हीसांज आणि मध्यरात्रीचा वाद मिटवण्यासाठीच ती सही आहे. डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात प्रत्येक ठाण्याच्या दारांत, व्हरांड्यांत आणि लॉकअपमध्ये सीसीटीव्ही बसवण्याचा त्याच न्यायालयाचा आदेश झाला. चित्रण १८ महिने, ते जमत नसेल तर निदान एक वर्ष जपायचे आहे. कॅमेरा त्या रात्री बंद होता असे उत्तर आले, तर तो कधीपासून बंद होता आणि वरिष्ठांना कधी कळवले, हे विचारता येते; कारण बिघाड कळवण्याची जबाबदारी त्याच आदेशाने ठाणेप्रमुखावर टाकली आहे.